कौटुंबिक आठवणींच्या पुस्तकावरचा विकिपीडिया लेख कसा सुधारावा : कोकणातल्या वाचकांसाठी

कोकणातल्या एखाद्या घराच्या दोन-तीन पिढ्यांची हकिकत सांगणारे पुस्तक निघते. गावात आणि मुंबईच्या चाकरमान्यांत ते वाचले जाते, त्यावर दोन-चार परीक्षणे येतात आणि मग कुणीतरी उत्साहाने मराठी विकिपीडियावर त्याचा लेख सुरू करते. असा लेख उघडला की बहुधा तीनपैकी एक गोष्ट दिसते. एक तर चार ओळींचा सांगाडा, नाहीतर मलपृष्ठावरचा मजकूर जसाच्या तसा, किंवा पुस्तकातली सगळी कहाणी सिद्ध झालेल्या इतिहासासारखी मांडलेली. तिसऱ्या प्रकारचा लेख सुधारायला सर्वांत अवघड, कारण वरवर तो भरीव दिसतो आणि त्यातली अडचण पटकन लक्षात येत नाही.

अशा लेखात घडी बसवायची तर एक गोष्ट शेवटपर्यंत डोक्यात ठेवावी लागते. हा लेख पुस्तकाबद्दल आहे. ते घराणे, ते गाव, तो काळ हे सारे पुस्तकाच्या निमित्ताने येते आणि तेवढ्यापुरतेच येते. पुस्तक काय सांगते, वाचकांनी आणि समीक्षकांनी पुस्तकाबद्दल काय म्हटले आणि प्रत्यक्षात काय घडल्याची नोंद आहे, हे तीन थर एकमेकांत मिसळले की लेख बिघडतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे थर वेगळे ठेवण्यासाठीच आहेत.

सोयीसाठी एक पुस्तक कल्पू या. मुरुडच्या एका लेखिकेने आजोबांपासूनची घरची हकिकत लिहिली आहे. त्यात नारळी-पोफळीची आगरे आहेत, कुळकायद्यात गेलेली जमीन आहे, बोटीचा प्रवास आहे, गिरगावातली खोली आहे आणि भावाभावांतली वाटणीही आहे. पुस्तक कल्पित असले तरी त्यातून उभे राहणारे प्रश्न अशा प्रत्येक पुस्तकात येतात.

आधी लेख नीट वाचा

पहिल्या दिवशी संपादनाच्या बटणाला हात लावू नका. लेख वाचा, मग ‘इतिहास’ उघडा आणि कोणता मजकूर कुणी, केव्हा घातला ते पाहा. एकाच खात्यावरून एका बसणीत सगळा लेख आला असेल आणि त्या खात्याने दुसरीकडे कुठेच काम केलेले नसेल, तर तो लेख लेखकाच्या किंवा प्रकाशकाच्या जवळच्या माणसाने लिहिला असण्याचा संभव असतो. यात गुन्हा काही नाही, पण मजकूर अधिक बारकाईने तपासावा लागतो. नंतर ‘चर्चा’ पान पाहा. एखाद्या वाक्यावर पूर्वी वाद झाला असेल तर तो तिथे सापडेल आणि तेच भांडण पुन्हा उकरून काढायची वेळ येणार नाही.

आता लेख कागदावर छापून घ्या किंवा वहीत उतरवा आणि प्रत्येक वाक्यापुढे एक खूण करा. ‘पु’ म्हणजे पुस्तकातून आलेले, ‘स’ म्हणजे समीक्षेतून आलेले, ‘इ’ म्हणजे बाहेरच्या नोंदीतून आलेले आणि ‘?’ म्हणजे कुठून आले ते कळत नाही. काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळू नये. प्रश्नचिन्हांची रांग पाहिली की लेखाचे दुखणे कुठे आहे ते आपोआप कळते.

याच वेळी लेख टिकण्याजोगा आहे का तेही ठरवून घ्या. पुस्तक चांगले आहे, एवढ्यावर विकिपीडियावर लेख राहत नाही. लेखक-प्रकाशकाशी संबंध नसलेल्या किमान दोन ठिकाणी त्याची सविस्तर दखल घेतलेली असावी, हा साधारण निकष. ती मिळत नसेल तर पुस्तकाचा स्वतंत्र लेख फुगवत बसण्यापेक्षा लेखिकेवरच्या लेखात एक परिच्छेद घालणे बरे.

पुस्तक हातात घेऊन बसा

पुस्तक न वाचता त्याच्यावरचा लेख सुधारता येत नाही. परीक्षणे वाचून काम भागेल असे वाटते, पण परीक्षणकारही कधी कधी गावाचे नाव किंवा नाते चुकवतात आणि ती चूक लेखात कायमची घर करते.

सुरुवात मुखपृष्ठामागच्या माहितीच्या पानापासून करा. प्रकाशक, प्रकाशनाचे वर्ष, आवृत्ती, पृष्ठसंख्या आणि आयएसबीएन हे सारे तिथून घ्या, ऑनलाइन विक्रेत्याच्या पानावरून नको. मराठी पुस्तकांत इथे दोन गोष्टी घोटाळा करतात. पहिली म्हणजे ‘दुसरी आवृत्ती’ हे शब्द. पुष्कळदा ते नुसते पुनर्मुद्रण असते, मजकुरात काहीही बदललेले नसते. खरोखर भर घातलेली, सुधारलेली आवृत्ती असेल तर तिचा उल्लेख प्रास्ताविकात सापडतो. तो सापडला तरच ‘सुधारित आवृत्ती’ लिहा. दुसरी म्हणजे तारीख. ‘गुढीपाडवा, शके १९३५’ असे छापलेले असेल तर शकात ७८ मिळवून इसवी सन काढा, म्हणजे २०१३. मात्र जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. शके १९३५ ची महाशिवरात्र २०१४ मध्ये येते.

आयएसबीएन २००७ पासून तेरा अंकी झाला, त्याआधीच्या पुस्तकांवर दहा अंकी असतो. तेरा अंकी क्रमांक बरोबर उतरवला आहे का हे घरीच तपासता येते. पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला ३ ने, तिसऱ्याला पुन्हा १ ने असे शेवटपर्यंत गुणत जा आणि सगळ्यांची बेरीज करा. बेरजेला १० ने निःशेष भाग गेला तर क्रमांक ठीक आहे.

अनुवाद झाला असेल तर मूळ पुस्तकाचे आणि अनुवादाचे वर्ष वेगवेगळे द्या. कोकणच्याच मातीतले उदाहरण घ्यायचे तर ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ २००३ साली आले आणि माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ साली. असा अनुवाद झाला की परभाषेतल्या परीक्षणांचे आणि विद्यापीठीय लेखनाचे नवे दालन उघडते. मराठी लेखावर काम करतानाही तिकडे पाहावे.

मग पुस्तक वाचताना पृष्ठक्रमांकांसह टिपणे काढा. घटना, ठिकाण, साल, कोण सांगते आहे (लेखिकेने स्वतः पाहिलेले, आजीकडून ऐकलेले की कागदपत्रांतून काढलेले) अशी टिपणे पुढे फार उपयोगी पडतात. कौटुंबिक आठवणींत हा फरक फार मोलाचा असतो. लेखिकेचा जन्म १९५५ चा असेल आणि प्रसंग १९३० चा, तर ती ऐकीव गोष्ट आहे आणि लेखात तसेच म्हटले पाहिजे.

संदर्भ कुठे शोधायचे

इथे कोकणातल्या माणसाचे पारडे जड असते. अशा पुस्तकांवरचे निम्मे लेखन इंटरनेटवर नसतेच. ते जिल्ह्याच्या दैनिकांत, दिवाळी अंकांत आणि वाचनालयांच्या बांधीव फायलींत असते. पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या संपादकाला ते मिळत नाही, तुम्हाला बसने जाऊन पाहता येते.

रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे, चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचे. अशा ठिकाणी ग्रंथपालांना सरळ सांगावे, ‘अमुक पुस्तकावर आलेली परीक्षणे हवी आहेत, साधारण या दोन वर्षांतली.’ त्यांना पुष्कळदा पाठ असते. चिपळूणच्या वाचनालयाने २००५ आणि २०२१ च्या पुरांची झळ सोसली आहे. जुना छापील कागद किती नाजूक असतो हे कोकणाला वेगळे सांगायला नको, म्हणून जे सापडेल त्याची पूर्ण नोंद तिथल्या तिथे करून घ्या.

पूर्ण नोंद म्हणजे दैनिकाचे नाव, कोणती आवृत्ती, तारीख, पान, मथळा आणि लिहिणाऱ्याचे नाव. ‘कोणती आवृत्ती’ हे विसरू नका. एकाच दैनिकाच्या रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई आवृत्त्यांत आतली पाने वेगळी असतात. रत्नागिरीच्या पुरवणीत आलेले परीक्षण मुंबईच्या फायलीत शोधणाऱ्याला सापडणार नाही आणि तो तुमचा संदर्भ खोटा समजून काढून टाकेल. ऑनलाइन बातमी असेल तर ती त्याच दिवशी वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर) जतन करून तो दुवाही संदर्भात द्या. ई-पेपरचे दुवे काही दिवसांतच मरतात. कात्रणाचा फोटो स्वतःच्या माहितीसाठी काढून ठेवा, पण विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाची चित्रे जिथे ठेवतात त्या संग्रहावर) चढवू नका, कारण कात्रणावर दैनिकाचा हक्क असतो.

दैनिकांच्या रविवार पुरवण्यांखेरीज ‘ललित’, ‘साधना’ आणि ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’ यांचे अंक चाळा. (‘साधना’ १९४८ साली सुरू करणारे साने गुरुजी दापोलीजवळच्या पालगडचे, तेव्हा या भागाशी त्या साप्ताहिकाचे नाते पहिल्यापासूनचे आहे.) प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ हा सरकारी संग्रह पाहा. कोकणातील साहित्य, स्त्रियांची आत्मकथने, दलित आत्मकथने अशा विषयांवरच्या प्रबंधांत एखाद्या पुस्तकावर आख्खे प्रकरण मिळून जाते. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत आत्मचरित्रासाठी लक्ष्मीबाई टिळकांच्या नावाचा पुरस्कार आहे. पुस्तकाला तो मिळाल्याचे लेखात म्हटले असेल तर शासनाच्या यादीवरून पडताळून घ्या.

हाती आलेला प्रत्येक कागद सारख्या वजनाचा नसतो. पुस्तकातली प्रस्तावना कितीही मोठ्या साहित्यिकाची असली तरी ती लेखिकेच्या विनंतीवरून लिहिलेली असते. तिला स्वतंत्र समीक्षा म्हणता येत नाही. प्रकाशन समारंभाच्या बातमीतून समारंभ झाला एवढेच सिद्ध होते. व्यासपीठावर पाहुण्यांनी काढलेले कौतुकाचे उद्गार ‘स्वागत’ विभागात घालू नका. लेखिकेची मुलाखत तिच्या स्वतःबद्दलच्या साध्या माहितीसाठी चालते (कुठे शिकली, लिहायला केव्हा घेतले), पुस्तकाच्या मोठेपणासाठी चालत नाही. फेसबुकवरच्या पोस्टी, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे अभिप्राय आणि विक्रेत्याच्या पानावरचे तारे यांचा विचारच करू नये.

तीन थर वेगळे करताना

आता खरे काम सुरू होते. तीन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण जमिनीचे. लेखात वाक्य आहे : ‘१९५७ नंतर कुळांनी खोटे दावे करून या कुटुंबाची पिढीजात जमीन बळकावली.’ लेखिकेच्या घरात हे असेच सांगितले गेले असेल आणि तिच्या आजीचे दुःख खरेच असेल. पण ज्यांच्या नावावर ती जमीन झाली, त्यांच्या घरात हीच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्यांच्या राबण्याचा हक्क मिळाला अशी सांगितली जाते. विकिपीडियाच्या लेखाने यातली कुठलीच बाजू आपली म्हणून बोलायची नसते. वाक्य असे बसवा : ‘कुळकायद्यानंतर कुटुंबाची जमीन कुळांकडे गेल्याचे वर्णन लेखिका तिसऱ्या प्रकरणात करतात. हे हस्तांतर अन्यायाने झाले, असे त्यांचे मत आहे.’ त्यापुढे पृष्ठक्रमांक. मग वाचकाला पार्श्वभूमी कळावी म्हणून एखादे वाक्य स्वतंत्र संदर्भासह द्या : खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा, कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ चा आणि त्यातील दुरुस्तीनुसार कूळ जमिनीचे मालक ठरण्याचा दिवस १ एप्रिल १९५७. इतके पुरे.

इथे एक मोह होतो. पुस्तक वाचताना तुमच्या लक्षात येते की कुळांची बाजू लेखिकेने मांडलेलीच नाही. तुमचे निरीक्षण अचूक असेल. तरीही ते स्वतःच्या शब्दांत लेखात घालता येत नाही, कारण विकिपीडियावर आपले संशोधन किंवा आपली समीक्षा चालत नाही. एखाद्या परीक्षणात किंवा प्रबंधात हे म्हटलेले शोधा आणि त्या समीक्षकाच्या नावाने ‘स्वागत’ विभागात लिहा. सापडले नाही तर सोडून द्या. हे जड जाते, पण पुस्तकावर प्रेम असणाऱ्याची भर आणि पुस्तकावर राग असणाऱ्याची भर या दोन्हींना हाच नियम बांधून ठेवतो. म्हणून हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

दुसरे उदाहरण बोटीचे. आजोबा अलिबागला बहिणीकडे निघाले आणि ‘रामदास’ बोटीत बसले. ती बुडाली, ते पोहत किनाऱ्याला लागले आणि दुसऱ्या दिवशी देश स्वतंत्र झाला, असे पुस्तकात आहे. ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे जाताना १७ जुलै १९४७ रोजी बुडाली आणि ६०० हून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्याला तेव्हा जवळजवळ महिना होता. घरोघर सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत मोठ्या तारखा अशा एकमेकींजवळ सरकतात. लेखात काय करायचे? ‘लेखिकेने चूक केली’ असे लिहायचे नाही, कारण ते कुठे छापून आलेले नाही. चुकीची तारीख लेखाच्या तोंडी घालायची नाही, हेही तितकेच खरे. एवढे लिहा : ‘रामदास बोटीच्या दुर्घटनेतून (१७ जुलै १९४७) आजोबा वाचले, असे लेखिका सांगतात.’ तारखेला इतिहासाचा संदर्भ, वाचण्याला पुस्तकाचा. दोन्ही थर एका वाक्यात आले आणि कुणावर काही लादलेही गेले नाही.

तिसरे उदाहरण गावाचे. लेखात ‘मुरुड, जिल्हा रायगड’ असा दुवा दिलेला आहे, पण पुस्तकातले मुरुड दापोली तालुक्यातले, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातले. जंजिऱ्यालगतचे मुरुड वेगळे. निःसंदिग्धीकरण पानावर (एकाच नावाच्या लेखांची यादी देणाऱ्या पानावर) जाऊन योग्य गाव निवडा. जिल्ह्यांच्या नावांचेही जपून पाहा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला, त्याआधी वेंगुर्ला, मालवण, सावंतवाडी ही सारी रत्नागिरी जिल्ह्यात होती. रायगडला १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत. सावंतवाडी आणि जंजिरा ही स्वातंत्र्यापूर्वी संस्थाने होती. ‘१९४० साली रायगड जिल्ह्यात शिक्षक होते’ हे वाक्य सहज लिहिले जाते. ‘तत्कालीन कुलाबा जिल्ह्यात (आताचा रायगड)’ असे करा.

याच मुरुडचे धोंडो केशव कर्वे. त्यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ चे आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी सांगितलेली कहाणी ‘माझे पुराण’ या नावाने वेगळी. संसार एकच, पण पुस्तके दोन. जे एकात सविस्तर येते ते दुसऱ्यात ओझरते येते. कौटुंबिक आठवणींवरचा लेख लिहिणाऱ्याने ही दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचावीत, असा माझा आग्रह आहे. ‘असे लेखिका सांगतात’ हे तीन शब्द का लिहायचे, ते त्यानंतर कुणी समजावून द्यावे लागत नाही.

जिवंत माणसे

समकालीन पुस्तक म्हटले की त्यातली निम्मी माणसे हयात असतात. काकांनी सह्या कशा घेतल्या, वहिनीचे माहेरच्यांशी काय झाले, धाकट्या भावाचे व्यसन, आत्याचा मोडलेला संसार, हे लेखिकेने धाडसाने लिहिले असेल. पुस्तकात ते तिच्या जबाबदारीवर आहे. विश्वकोशीय लेखात उतरवले की गुगलवर त्या माणसाच्या नावापुढे पहिल्यांदा तेच येते, आणि त्या माणसाने तर काहीच लिहिलेले नसते.

म्हणून लेखिका वगळता घरातल्या कुणाचेही नाव शक्यतो घेऊ नका. ‘थोरले काका’, ‘धाकटा भाऊ’ इतके पुरते. लहान मुले, आजार, पत्ता, सर्व्हे नंबर, कोर्टातले चालू दावे यांतले काहीही नको. जिवंत व्यक्तीबद्दल बदनामीकारक आणि संदर्भहीन वाक्य आधीपासून लेखात असेल तर ‘संदर्भ हवा’ ची खूण लावून वाट पाहू नका, लगेच काढा आणि चर्चा पानावर कारण नोंदवा. काढलेले वाक्य चर्चा पानावर पुन्हा उतरवू नका म्हणजे झाले. इतर साध्या वाक्यांसाठी (उदाहरणार्थ, ‘या पुस्तकाच्या चार आवृत्त्या निघाल्या’) ती खूण लावून महिना-दोन महिने थांबणे योग्य.

वंशावळ तर घालूच नका. पुस्तकात शेवटी ती छापलेली असते आणि ती टंकून काढायला काहींना फार आवडते. लेखाला तिचा उपयोग नाही.

मांडणी

पहिला परिच्छेद चार वाक्यांचा असावा आणि त्यात सगळे यावे : पुस्तकाचे नाव, लेखिका, वर्ष, प्रकाशक, कोणत्या भागातल्या कोणत्या काळाबद्दल आहे, आणि पुस्तकाची दखल कशासाठी घेतली गेली. ‘अमुक हे अमुक यांनी लिहिलेले मराठी आत्मकथनपर पुस्तक आहे’ अशी साधी सुरुवात करा. ‘कोकणच्या लाल मातीचा गंध लाभलेले’ वगैरे काहीही नको. दुसऱ्या वाक्यात विषय, तिसऱ्यात पुरस्कार किंवा अनुवाद असल्यास तो, चौथ्यात समीक्षकांनी उचललेला मुख्य मुद्दा.

त्यानंतर ‘लेखनाची पार्श्वभूमी’ हा छोटा विभाग. आधी दिवाळी अंकात किंवा सदरातून काही भाग आले होते का, लेखिकेने कोणती कागदपत्रे वापरली, ते इथे लिहा.

‘आशय’ विभाग ३०० ते ४०० शब्दांत आवरा. प्रकरणवार सारांश देऊ नका. पुस्तक कालानुक्रमे जाते की आठवणी जशा येतील तसे, ते एका वाक्यात सांगून मग तीन-चार मुख्य धागे मांडा. पुस्तकातली वाक्ये उचलायची झाली तर एखाद-दुसरे छोटे अवतरण, तेही त्यावर समीक्षकाने काही म्हटले असेल तर. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे समकालीन पुस्तकातला परिच्छेदच्या परिच्छेद उतरवायचा प्रश्नच येत नाही. मलपृष्ठावरच्या मजकुरालाही हेच लागू. मालवणी किंवा संगमेश्वरी बोलीतले संवाद असतील तर तशी नोंद करा, नमुन्यादाखल पानभर संवाद देऊ नका.

‘स्वागत’ हा विभाग लेखाचा कणा आहे आणि नेमका तोच बहुतेक लेखांत नसतो. प्रत्येक परीक्षणाला एक-दोन वाक्ये द्या आणि त्यांत कोण, कुठे, केव्हा आणि काय म्हटले ते येऊ द्या. ‘समीक्षकांनी पुस्तकाचे भरभरून कौतुक केले’ हे वाक्य काढून टाका. त्याऐवजी कुणी स्त्रियांच्या श्रमाच्या चित्रणाची नोंद घेतली, कुणाला उत्तरार्ध विस्कळीत वाटला, कुणी जमिनीच्या प्रश्नावर मतभेद नोंदवला, ते सांगा. परीक्षणे मुद्द्यांनुसार एकत्र करा, एकामागून एक यादी करू नका. पाच परीक्षणे स्तुतीची आणि एक टीकेचे असेल तर लेखातही साधारण तेच प्रमाण राहू द्या. टीकेचा आवाज ओढूनताणून मोठा करू नये, दाबूही नये.

भाषेबद्दल

मराठीत आदर क्रियापदात असतो, तो ठेवा : ‘लेखिका सांगतात’, ‘त्यांनी लिहिले’. पण ‘श्री.’, ‘सौ.’, ‘कै.’, ‘आदरणीय’, ‘सुप्रसिद्ध’, ‘ज्येष्ठ’ हे सगळे काढा. ‘हृदयस्पर्शी’, ‘वाचनीय’, ‘संग्राह्य’ हे शब्द परीक्षणकाराचे असतील तर त्याच्या नावासकट अवतरणात ठेवा, नाहीतर नकोत. ‘नुकतेच’, ‘गेल्या वर्षी’, ‘सध्या’ यांच्या जागी साल घाला, लेख दहा वर्षांनीही वाचला जाणार आहे. इंग्रजी लेखावरून यंत्राने केलेला अनुवाद असेल तर वाक्ये दुरुस्त करत बसू नका, परिच्छेद नव्याने लिहा. त्याला कमी वेळ लागतो.

गावांची नावे दोन-तीन पद्धतींनी लिहिली जातात : हर्णै आणि हर्णे, वेंगुर्ला आणि वेंगुर्ले. लेखाचे शीर्षक असेल तेच रूप मजकुरात वापरा. पुस्तकाच्या नावाचेही असे दुसरे रूप रूढ असेल तर त्या नावाने पुनर्निर्देशन करून ठेवा, म्हणजे ते नाव शोधणाराही याच लेखावर येईल.

माहितीचौकट, चित्रे, वर्ग

माहितीचौकट, म्हणजे लेखाच्या बाजूचा थोडक्यात माहितीचा तक्ता, पुस्तकाच्या माहितीच्या पानावरून भरा. ठाऊक नाही ते रकाने रिकामे राहू द्या. मुखपृष्ठ स्कॅन करून कॉमन्सवर चढवू नका, ते काढले जाईल. मुखपृष्ठाचा हक्क प्रकाशकाचा किंवा चित्रकाराचा असतो, आणि मुक्त परवान्याखाली तो देतो असे त्यांनी लेखी कळवल्याशिवाय मार्ग नाही. त्यापेक्षा पुस्तकात येणाऱ्या सार्वजनिक जागेचा, म्हणजे बंदराचा, देवळाचा किंवा गावच्या रस्त्याचा, तुम्ही स्वतः काढलेला फोटो द्या. लेखिकेच्या घराचा नको, तिथे माणसे राहतात. वर्ग, म्हणजे लेखाच्या तळाशी येणारी विषयवार नावे, दोन-चार पुरेत.

जतन करताना

मोठा फेरफार आधी तुमच्या सदस्य पानाखालच्या धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) करून पाहा. मग मूळ लेखात एकेक विभाग बदला. प्रत्येक वेळी संपादन सारांशात कारण लिहा : ‘आशय विभाग संक्षिप्त केला, पृष्ठक्रमांक जोडले’. आख्खा लेख एका फटक्यात बदलला की दुसऱ्या संपादकाला त्यातले बरे-वाईट निवडता येत नाही आणि तो सगळेच उलटवतो. कुणी तुमचा बदल उलटवला तर लगेच पुन्हा तोच बदल करू नका, चर्चा पानावर विचारा. तिथे सुटले नाही तर चावडीवर, म्हणजे सगळ्या संपादकांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, मांडा.

कोकणात एक प्रश्न हमखास येतो : लेखिका तुमची मावसबहीण असते, नाहीतर प्रकाशक वर्गमित्र. असे असेल तर चर्चा पानावर नाते उघड सांगा आणि लेखात स्वतः फेरफार न करता तिथेच सुचवा, ‘अमुक वाक्याऐवजी अमुक वाक्य, हा संदर्भ’. वर्ष किंवा शुद्धलेखनाची चूक तेवढी स्वतः दुरुस्त करायला हरकत नाही.

घरच्यांचा आक्षेप आला तर

लेख लक्ष ठेवण्याच्या यादीत घाला. समकालीन कौटुंबिक पुस्तकावरच्या लेखाला कधी ना कधी त्या घरातले कुणीतरी भेट देतेच. एखादा पुतण्या नव्या खात्यावरून येतो आणि ‘हे सगळे खोटे आहे, काकांनी एक पैसाही घेतला नाही’ असे थेट लेखात लिहितो. त्याला नियमांचे दुवे फेकून मारू नका. त्याचे वाक्य लेखातून काढा आणि त्याच्या चर्चा पानावर शांतपणे उत्तर द्या. मी साधारण असे लिहीन :

‘नमस्कार. तुमचे म्हणणे वाचले. हा लेख पुस्तकात काय आहे एवढेच सांगतो, ते खरे आहे असे म्हणत नाही. तुमच्या कुटुंबातील हयात व्यक्तीबद्दल आक्षेपार्ह काही राहिले असेल तर ते वाक्य दाखवा, आज तपासून काढतो. तुमची बाजू एखाद्या दैनिकात, नियतकालिकात किंवा पुस्तकात छापून आली असेल तर तारीख आणि पान कळवा, तिचा उल्लेख लेखात करू. न छापलेली माहिती कितीही खरी असली तरी इथे घालता येत नाही, माझी स्वतःचीही नाही.’

मग खरोखरच लेख पुन्हा वाचून पाहा. काही वेळा पुतण्याचा राग रास्त असतो : कुठेतरी ‘असे लेखिका सांगतात’ लिहायचे राहून गेलेले असते, किंवा ‘थोरले काका’ च्या जागी कुणीतरी मागाहून नाव घातलेले असते. ते त्याच दिवशी दुरुस्त करा आणि दुरुस्त केल्याचे त्याला कळवा.